एका ताटात जेवणारी यंत्रं

मच्याडो मॅडम पहिल्या दिवशी ऑफिसात आल्याच नाहीत. जिन्यातच उभ्या राहिल्या. आमचे म्हात्रेसाहेब त्यांना आत बोलवायला बाहेर गेले, तर त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "तुमचं दार आत उघडतं."

"हो. मग?"

"आत माणसं किती बसतात?"

"अकरा."

"अकरा जण घाबरून एकदम दारावर आदळले की ते उघडायचं कसं?"

साहेब हसले. "मॅडम, सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे आपलं. इथे काय पेटणार आहे?"

"खाली काय आहे?"

खाली प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्याचा गाळा होता. मॅडम आल्या तशा घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी सुतार येऊन बिजागऱ्या फिरवून गेला, आणि चौथ्या दिवशी मॅडम कामावर रुजू झाल्या. जागा घेतली ती अर्थातच दाराजवळची.

वसई रोडच्या पूर्वेला औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. कारखान्यांना लागणारं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. काम सांगायला सोपं आहे. कारखान्यात जी मोठ्यात मोठी दुर्घटना होऊ शकते ती पडद्यावर सगळ्यात वर लिहायची. ती घडायला काय काय बिघडावं लागेल ते तिच्याखाली. ते बिघडायला आणखी काय, ते त्याच्याखाली. असं करत करत उलटं झाड तयार होतं. प्रत्येक फांदीला एक आकडा द्यायचा, की ही वस्तू साधारण किती वेळा दगा देते. मग सॉफ्टवेअर सगळे आकडे जुळवून वरच्या चौकटीला रंग देतं. हिरवा, पिवळा किंवा लाल. त्या रंगावर अहवाल निघतो. मी प्रोग्रॅम लिहायचे. मला कारखाना म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असणारं माणूस हवं म्हणून साहेबांनी मॅडमना आणलं होतं.

मॅडम वसईतल्या होळी गावच्या. तिथे त्यांच्या भावाची केळीची आणि फुलांची वाडी होती. लग्न केलं नव्हतं. एका रसायनाच्या कारखान्यात सुरक्षा विभागात त्यांची सगळी नोकरी झाली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. ठेंगणी, सडपातळ बाई. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. चष्म्याला काळा गोफ. डब्यासोबत रोज एक राजेळी केळं, आणि ते अर्धं मोडून माझ्या टेबलावर ठेवायच्या. "खा बाय. पोट रिकामं असलं की माणूस चुका करतं."

झाड त्या थेट सॉफ्टवेअरमध्ये कधी काढत नसत. आधी चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने. एकेका चौकटीपाशी थांबून त्या स्वतःलाच विचारायच्या, "आणि मग?" व्हॉल्व्ह अडकला. आणि मग? दाब वाढला. आणि मग? इतक्या शांतपणे विचारायच्या, की शेजारी बसलेल्याला धडकी भरायची. आमच्यातला एकजण म्हणायचा, "मॅडमसोबत चहा प्यायला नको. कपसुद्धा फुटायच्या आधी त्या फोडून मोकळ्या होतात."

मला त्यांची भीती नाही वाटायची. पण एक दिवस वाटली.

सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी चौकट होती. दोन वस्तू एकाच कारणाने एकदम बंद पडू शकतात का, असं ती विचारायची. तिथे खूण केली की आकडे भराभर वाढायचे आणि हिरवं झाड लाल व्हायचं. कारखानदारांना ते आवडत नसे. म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून मी ती चौकट आपली मूळची रिकामी ठेवली होती. ज्याला हवी त्याने खूण करावी. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"ही रिकामी का?"

"मॅडम, या झाडात दोन सेन्सर लावलेत ना. एक बंद पडला तर दुसरा आहे."

"दोघांना वीज कुठून येते?"

"एकाच पॅनेलमधून."

"मग ही दोघं एका ताटात जेवतात. ताटात विष पडलं की दोघं एकदम जातात. दुसरा कुठे आहे?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि त्यांच्या कारखान्यातल्या वामन नावाच्या ऑपरेटरची गोष्ट सांगितली. चारच वाक्यांत सांगितली. टाकीवर दोन अलार्म होते. मॅडमनीच कागदावर लिहून दिलं होतं, की दोन अलार्म आहेत, धोका नाही. दोन्ही एकाच फ्यूजवर होते, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. "वामन आत गेला तेव्हा दोन्ही गप्प होते," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोला सांगायला मला पाठवलं. दारात उभी राहिले तर ती म्हणाली, बसा ना, ते येतीलच एवढ्यात."

मग अर्धं राहिलेलं केळं त्यांनी खाल्लं आणि कामाला लागल्या. त्या दिवशी मी ती चौकट बदलली. खूण मूळचीच केलेली राहील अशी.

त्यांच्या गावात मात्र मॅडमना फारसं कोणी बोलावत नसे. मला हे त्यांच्या पुतणीच्या लग्नात कळलं. मांडव मोठा, बॅण्ड, पाठीमागे जेवणाची तयारी. मॅडम नव्या साडीवर तेच कॅनव्हासचे बूट घालून मांडवाच्या मागे गेल्या, आणि थोड्या वेळाने तिथे आवाज चढले. गॅसचे सिलिंडर मांडवाच्या कापडाला टेकवून ठेवले होते आणि जनरेटर त्यांच्या शेजारी. आचारी म्हणत होता, इतकी लग्नं केली, काही झालं नाही. मॅडम म्हणत होत्या, "झालं असतं तर तू सांगायला राहिला नसतास." शेवटी त्या स्वतःच सिलिंडर गोल गोल फिरवत विहिरीकडे नेऊ लागल्या. सगळे पाहुणे बघत होते. नवरीची आई, म्हणजे त्यांची भावजय, माझ्याजवळ येऊन मॅडमकडे बोट दाखवत हळूच म्हणाली, "आमच्या फिलूचं हे असं. जिथं जाईल तिथं मरणाची वार्ता. पोरीचं लग्न आहे, आज तरी गप्प बसावं ना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी काहीच झालं नाही. लग्न छान झालं. आणि काही झालं नाही म्हणून मॅडमच चुकीच्या ठरल्या. पुढच्या लग्नाला त्यांना बोलावणं आलं नाही.

"वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटतं की. माझं काम नीट झालं तर काहीच घडत नाही बाय. काही घडलं नाही याचे आभार कोण मानतं?"

मग बर्फाच्या कारखान्याचं काम आलं.

खाडीच्या तोंडाशी, कोळीवाड्याला लागून तो कारखाना होता. बोटींना लागणारा बर्फ तिथे बनायचा. बर्फ अमोनियावर बनतो, म्हणजे आत द्रव अमोनियाची मोठी टाकी. मालकाला कुठेतरी दाखवायला धोक्याचा अहवाल हवा होता. मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या झाडातल्या फांद्या प्रत्यक्ष पाहत होते. गंजलेले पाइप, त्यांवर पांढरं दव, आणि डोळ्यांना झोंबणारा, लघवीसारखा हलका वास.

तिथला ऑपरेटर नथू हा कोळीवाड्यातलाच. पन्नाशीचा, हसरा माणूस. मॅडमनी त्याला काही विचारलं नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर भिंतीला एक तपकिरी रेघ होती आणि तिच्याखाली मिठाचे पापुद्रे सुटले होते. त्याच भिंतीवर, त्या रेघेच्या जेमतेम वीतभर वर, विजेचं पॅनेल होतं.

"ही रेघ कसली?"

"पानी, मॅडम," नथू म्हणाला. "उधानाची भरती मोठी असली की पानी इथवर येते. जाते परत. आमाला सवय हाय."

"या पॅनेलवर काय काय आहे?"

नथूने बोटांवर मोजत सांगितलं. वायू हुंगणारे दोन सेन्सर. भोंगा. पाइप गार ठेवणारा पाण्याचा पंप. दाब वाढला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरची लाइन मात्र निराळी, उंचावर.

मॅडमनी पॅनेलपासून कॉम्प्रेसरपर्यंत नजर फिरवली. मग मला म्हणाल्या, "बघ. वाचवणारे सगळे खाली बसलेत, आणि मारणारा वर." पाणी वीतभर जास्त चढलं, की पंप बंद, भोंगा बंद, सेन्सर बंद, व्हॉल्व्ह निकामी. आणि कॉम्प्रेसर दाब वाढवत राहणार. त्या मागच्या दाराने बाहेर आल्या. दहा पावलांवर घरं होती. एक बाई दोरीवर बोंबील वाळत घालत होती. मॅडमनी तिच्या अंगणात वाऱ्याची दिशा पाहिली आणि वहीत लिहिली.

झाड लाल झालं. गडद लाल. मॅडमनी अहवालात एकच सुधारणा लिहिली, की पॅनेल वरच्या माळ्यावर न्या. मालक ऑफिसात आला. साहेबांच्या केबिनचं दार बंद झालं. मालक गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. थकलेले दिसत होते.

"अश्विनी, ती एका कारणाची खूण आहे ना, ती काढून एकदा चालवून बघ."

"साहेब, मॅडमनी मुद्दाम—"

"बघ फक्त. पॅनेल ते पुढच्या वर्षी हलवणारच आहेत. तोवर कामं थांबतील त्यांची."

मी खूण काढली. झाड हिरवं झालं. एका क्लिकचं काम होतं. भिंत तीच, रेघ तीच, नथू तोच. साहेबांनी अहवाल छापला आणि मॅडमच्या सहीशिवायच पाठवून दिला.

दोन दिवसांनी मॅडमनी ती फाइल उघडली. त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं ओरडतील.

"खूण कोणी काढली?"

"मी." मग घाईने म्हणाले, "साहेबांनी सांगितलं म्हणून."

"सांगितलं कोणी ते मी विचारलं नाही."

एवढंच. संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. जाताना पेन्सिलीने काढलेलं झाड कॅलेंडरच्या पानासकट घडी घालून पिशवीत टाकलं. माझ्या टेबलावर केळं नव्हतं. त्याचंच मला जास्त लागलं.

पुढचं मला कोळीवाड्यातल्या लोकांकडून कळलं. मॅडमनी मालकाला पत्रं लिहिली, सरकारी कचेरीत अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर नाही. मग त्या दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की रिक्षा करून कोळीवाड्यात जाऊ लागल्या. घरोघरी एकच गोष्ट सांगायच्या. डोळे झोंबले, घसा जळला की ओल्या फडक्याने नाक-तोंड बांधा. वाऱ्यासोबत पळू नका, वाऱ्याला आडवे जा. शाळेच्या मैदानाकडे. पोरांना हाका मारत बसू नका, उचला आणि चला.

लोक आधी हसले. मग चिडले. भरल्या घरात येऊन बाई सारखं मरणाचं बोलते, म्हणून बायकांनी दारं लावून घेतली. मालकाचा माणूस येऊन सांगून गेला की कारखाना बंद पडला तर बोटींना बर्फ कुठून आणणार? त्यानंतर एका म्हाताऱ्याने त्यांच्या अंगावर मासे धुतलेलं पाणी फेकलं. मॅडमच्या चर्चमधल्या फादरनीसुद्धा त्यांना समजावलं, की लोकांना असं घाबरवू नये. मॅडम म्हणाल्या, "फादर, मी घाबरवत नाही. मी घाबरलेय."

नथू मात्र त्यांना चहा द्यायचा. तो म्हणायचा, "मॅडम, मला समजते तुमी सांगता ते. पन मी तिथं नसलो तर दुसरा कोनी असेल ना?"

भरतीचं वेळापत्रक मॅडमच्या पिशवीत असायचं. मोठ्या उधाणाच्या तारखांना त्या कारखान्यामागच्या देवळाच्या पायरीवर येऊन बसत. पाणी चढायचं, उतरायचं. त्या उठून घरी जात. असं किती महिने चाललं कोण जाणे. पोरं त्यांना भरतीवाली म्हणू लागली होती.

त्या दिवशी भरती दुपारी होती. वारा समुद्राकडून, जोराचा. पाणी रेघ ओलांडून पॅनेलपर्यंत चढलं. भोंगा वाजला नाही. वाजण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. कॉम्प्रेसर मात्र धडधडत होता, आणि मॅडम पायरीवर बसून तो आवाज ऐकत होत्या. पंपाचा आवाज थांबल्याचं आधी त्यांच्याच लक्षात आलं. त्या पाण्यातून मागच्या दारापर्यंत गेल्या आणि ओरडल्या, "नथू, बाहेर ये! पंप बंद पडलाय!"

नथू आला नाही. कॉम्प्रेसरचं बटण बंद करायला तो आत वळला. कॉम्प्रेसर बंद झाला, हे सगळ्यांनी ऐकलं. त्याच सुमारास आतला जोड फुटला.

पांढरा धूर दारातून जमिनीसरसा सरपटत बाहेर आला, असं बोंबील वाळवणारी ती बाई सांगते. तिने कोणाला विचारलं नाही. पोराला उचललं, पदर पाण्याच्या पिंपात बुडवला आणि मैदानाकडे निघाली. तिच्या मागून शेजारची. ज्यांनी दारं लावून घेतली होती त्याही. "भरतीवाली म्हणाली होती तसंच झालं," एवढंच त्या एकमेकींना सांगत होत्या. मॅडम घराघराच्या दारावर थापा मारत शेवटच्या घरापर्यंत गेल्या. शेवटचं घर त्याच म्हाताऱ्याचं. त्याला धड चालता येत नव्हतं. शेजारच्या दोघांनी त्याला खाटेसकट उचललं, आणि मॅडमनी स्वतःच्या तोंडावरचं ओलं फडकं काढून त्याच्या तोंडावर बांधलं.

वस्तीत एकही माणूस दगावलं नाही. नथू गेला.

मी हॉस्पिटलात गेले, पण मॅडमना बघायला सोडत नव्हते. बाहेर बाकावर नथूची बायको बसली होती. तिला वाटलं मी मॅडमची नातेवाईक. माझा हात धरून म्हणाली, "बाईंना सांगा, त्यांचा काय दोष नाय." मला तिच्या हातातून हात सोडवता येईना. मी कोण आहे हे तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

चौकशी लागली तेव्हा मी नोकरी सोडली होती. मला बोलावणं नव्हतं, तरी मी गेले, आणि दोन्ही अहवाल टेबलावर ठेवले. लाल आणि हिरवा. खूण कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं सांगितलं. म्हात्रेसाहेब खाली मान घालून बसले होते. माझं बोलणं लिहून घेणारा माणूस दोनदा म्हणाला, "म्हणजे फक्त एक टिकमार्क?" मी दोनदा हो म्हणाले.

बाहेर आले तर व्हरांड्यात मॅडम बसल्या होत्या. त्यांची साक्ष माझ्याआधी झाली होती. कितीतरी महिन्यांनी बघत होते. खूप वाळल्या होत्या. घशात वायू गेल्याने आवाज गेला होता. जेमतेम कुजबुज निघायची, ती ऐकायला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा.

"सांगितलंस?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता त्या मला माफ केलं म्हणतील, किंवा नाही केलं म्हणतील. मी दोन्हीची तयारी करून आले होते. त्या म्हणाल्या, "अशी खूण आणखी कुठे कुठे काढली होती?"

साहेबांना एकदा ते जमलं म्हटल्यावर, मॅडम गेल्यानंतर ते पुन्हा पुन्हा जमलं होतं. मी मूळची चौकटच परत रिकामी करून दिली होती. तेवढं मी आत सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल हातात दिली. मी आठवून आठवून लिहू लागले. एक गॅसचं गोदाम. रंगाचा कारखाना. विरारला रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर असलेलं एक शीतगृह. लिहिता लिहिता नावं वाढत गेली आणि पान भरलं. मॅडमनी पान उलटून दिलं.

लिहून झाल्यावर त्यांनी वही घेतली, चष्मा नाकावर चढवून यादी एकदा वरून खालपर्यंत वाचली आणि उठल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी येते सोबत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वहीची दोन पानं मधोमध फाडली, खालची अर्धी माझ्या हातात दिली आणि कुजबुजल्या, "तू इथून सुरू कर."

समोरच्या थांब्यावर विरारची बस लागली होती. बसच्या दांड्याला धरून एकेक पायरी चढायला त्यांना वेळ लागला. कंडक्टर हात द्यायला पुढे झाला आणि त्याने तिकीट कुठलं ते विचारलं. त्याला काही ऐकू आलं नसावं, कारण तो वाकला आणि त्याने कान त्यांच्या तोंडाशी नेला. मॅडमचं बोट बसच्या मागच्या दाराकडे होतं, आणि तसाच वाकून तो बराच वेळ ऐकत राहिला. मग बस सुटली.